दादाचा हात डावा की उजवा

गुंडांच्या सिनेमावर दोन माणसांचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. परवा माझ्या दोन नाती टीव्हीसमोर तशाच एका सिनेमावरून भांडल्या. एक म्हणे, काय रुबाब आहे. दुसरी म्हणे, खुनी माणसाचा कसला डोंबलाचा रुबाब. मी म्हटलं, भांडा. साठ वर्षांपूर्वी आमच्या गिरणीच्या आजूबाजूची सगळी घरं याच गोष्टीवरून भांडत होती आणि त्या भांडणाचं मूळ मी होते. त्यांनी लगेच टीव्ही बंद केला. असे किस्से गोधडीसाठी ठेवलेल्या चिंध्यांसारखे साठतात. एक ओढायला जावं तर दहा हातात येतात.

तेव्हा सिनेमा मुका होता. गिरणीजवळच्या मोकळ्या जागेत अप्पांचा तंबू असे. मधोमध पांढरा पडदा. पडद्यापुढे पुरुष, पडद्यामागे बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र मागच्या बाजूलाही उमटे. पुरुषांना ते सुलटं दिसे, आम्हाला उलटं. बायकांची तक्रार नव्हती. जगाची मागची बाजू बघायची आम्हाला सवयच होती.

पुरुषांच्या बाजूला मास्तर उभे असत. जरीचा फेटा, हातात वेताची छडी, आवाज होटगी जंक्शनपर्यंत जाईल असा. चित्रात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत, त्या ते वाचून दाखवत आणि गोष्ट समजावून सांगत. पण पेटी आणि तबला पडद्याला चिकटून बसलेले. त्यामुळे आम्हा बायकांपर्यंत नुसती पेटीच पोचे. मग आमच्या बाजूच्या पाट्या मी वाचायची.

अक्षरं उलटी दिसत असताना कशी वाचायची? त्याचं असं आहे. माझे वडील गिरणीच्या ताग्यांवर मारायचे लाकडी ठसे कोरत. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कापडावर सुलटं उठतं. त्यांच्या पुढ्यात बसून मी मुळाक्षरं शिकले, तीच मुळी उलटी. शाळेची पायरी मी चढलेले नाही. जे चढले त्यांनी मला धाडलेली पत्रं मी अजून लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवते.

*

तर एकदा अप्पांनी मुंबईहून मराठी पाट्या घातलेली एक विलायती फिल्म आणली. एका मोठ्या शहरातला गुंड. साधा भुरटा चोर, तो बघता बघता टोळीचा म्होरक्या होतो. ज्या मित्रानं त्याला वर आणलं त्यालाच गोळी घालतो, आईकडे पाठ फिरवतो आणि शेवटी पोलिसांच्या हातून गटारात मरतो. त्याला सगळ्या तंबूनं नाव ठेवलं, दादा.

फिल्म तीन आठवडे चालली. पहिल्या आठवड्यातच बायकांत दोन तट पडले.

माझ्या शेजारी नरसम्मा बसे. विणकराची बायको, दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिनं दादाचा खून बघितला, दगाबाजी बघितली आणि मला म्हणाली, "त्याचा कोट बघितलास की न्हाय? वीण बघ कशी घट्ट हाय. असलं कापड अंगावर घालणारा माणूस वाईट कसा असंल?"

मी म्हटलं, "नरसम्मा, त्यानं आत्ता मित्राला मारलं."

"त्या मित्राचा कोट बघितलास? कोपरावर फाटलेला."

पलीकडे राजव्वा. बाजारातल्या धान्याच्या दुकानदाराची बायको, कानडी माहेर, बोलणं तोलूनमापून. तिनं वेगळाच निकाल दिला. "अव्वा, मी चारदा बघितलं. त्यो माणूस एकदाबी पोटभर जेवताना दिसला न्हाय. उपाशी माणसाचं डोकं फिरनार न्हाय तर काय?"

या दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. खुनाबद्दल दोघींचंही काही म्हणणं नव्हतं.

*

पुरुषांत मात्र दोन तट नव्हते. झाडून सगळे दादाच्या बाजूचे. दिवसभर खात्यात मुकादमानं डोळे वटारले की माना खाली घालणारे, तेच संध्याकाळी दादानं कुणाच्या मुस्काटात मारली की शिट्ट्या फुंकत.

मुकादमाचं तर विचारू नका. दुसऱ्या आठवड्यात तो दादासारखी टोपी एका डोळ्यावर ओढून खात्यात यायला लागला. एका विणकराला मागाच्या धोट्यानं बदडून काढल्यामुळे त्याच आठवड्यात त्याच्या नावानं तक्रारीचा अर्ज गेला होता. तो माणूस दादाच्या मरणावर ढसाढसा रडला, असं आमचे हे घरी येऊन सांगायला लागले.

मी म्हटलं, "त्याला काय झालं रडायला?"

"मुकादम म्हनला, किती जणांना कामाला लावलं होतं हो त्या बिचाऱ्यानं."

*

आता आमच्या घरातलं. आमचे हे पुढे बसत, मी आणि सासूबाई मागे. एकदा जेवताना त्यांनी दादाची नक्कल केली. उजव्या हाताची दोन बोटं पुढे करून म्हणाले, "असा बार काढला बघ."

मी म्हटलं, "डाव्या हातानं."

"उजव्या."

"डाव्या. मी रोज बघते."

ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघून आले. "उजवाच हाय."

"मीबी बघितलं. डावाच हाय."

चार दिवस अबोला. पडद्याच्या पाठीमागून हात उलटा दिसतो हे मला पक्कं माहीत होतं. ठसे कोरणाऱ्याची मुलगी मी. पण सांगितलं नाही. आपली बायको कुठं बसते, तिला तिथून काय दिसतं, हे या माणसानं एकदा तरी विचारावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

शेवटी सासूबाई ओरडल्या, "अरे, दोनी हातांनी मारत असंल. तेवढा वाईट हायच त्यो."

*

हाताचं एक वेळ ठीक, पण पुढे गोष्टच जुळेना. आमचे हे म्हणायला लागले, मित्रानं दादाच्या आईला शिवी दिली म्हणून दादानं त्याला मारलं. नरसम्माचा नवरा म्हणे, दादा मरताना आईच्या पाया पडतो. राजव्वाचे यजमान तर म्हणे, तो मरतच नाही, दमून निजतो. मी रोज पाट्या वाचत होते. त्यात शिवी नव्हती, पाया पडणं नव्हतं, आणि निजलेल्या माणसाला कुणी कापडानं तोंडापर्यंत झाकत नाही.

एकाच तिकिटात दोन सिनेमे चालले होते. पडद्यापुढे मास्तरांचा, मागे पाट्यांवरचा. बायका घरी जाऊन नवऱ्यांना म्हणत, "तुमचा दादा बेइमान हाय." नवरे म्हणत, "तुमाला काय कळतंय?" घरोघरी भाकऱ्या करपायला लागल्या.

मग मास्तरांनी तक्रार केली.

एक दिवस खेळाआधी अप्पा आमच्या बाजूला आले. तंबूचे मालक, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला अगदी मऊ. एरवी ते बाहेर तिकिटाच्या खिडकीत असत, आत फिरकत नसत. म्हणाले, "बाई, तुमी वाचता, बायका येतात, म्हणून तुमाला तिकीट लावत न्हाय मी. पण मास्तर सांगतात एक, तुमी सांगता एक. माणसं भांडायला लागली की वो."

"अप्पा, पाटीवर जे हाय ते वाचते."

"पाटी कोण बघतंय, बाई? मास्तर शिकलेला माणूस हाय. तुमी शाळेत गेला होता का?"

हे एकच वाक्य मला गप्प बसवायचं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

"शनिवारी या फिल्मचा शेवटचा खेळ हाय," अप्पा म्हणाले. "तेवढा वाचा. नवी फिल्म आली की मास्तरांना मधी उभं करतो, दोनीकडं ऐकू जाईल. तुमी आता घरीच ऱ्हावा."

माझंही रोज तिकीट काढावं अशी आमची ऐपत नव्हती, आणि तंबूच्या बाहेर मला वाचायला होतं तरी काय? घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद होते, त्यावरही गोष्ट अर्ध्यातच फाटलेली. हा तंबू माझी शाळा होता आणि अप्पांनी शनिवारी माझं नाव पटावरून काढायचं ठरवलं होतं.

नरसम्मा म्हणाली, "जाऊ दे गं. मास्तरबी चांगलंच सांगत असतील. कसला फेटा बांधतात, बघितलास की न्हाय?"

*

शनिवारी तंबू खच्चून भरला. शेवटचा खेळ म्हणून अप्पा स्वतः पुढे खुर्ची टाकून बसले. हे मला नंतर कळलं. पडद्याच्या मागून माणसं दिसत नाहीत.

मधेच फिल्म तुटली. मशीनवाल्यानं घाईनं जोडली आणि पुढचं रीळ चढवलं. चित्र सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांना काहीतरी खटकलं. दादा खोलीत आला, खिशातून पिस्तूल काढलं. उजव्या हातानं.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं, हात बदलला की ह्यानं."

मशीनवाल्यानं रीळ उलट्या बाजूनं चढवलं होतं. आता आम्हाला सुलटं दिसत होतं आणि पुढे बसलेल्यांना उलटं. पलीकडून एका माणसाचा आवाज आला, "आयला, डावा!" तो आवाज मी ओळखला. याच हातावरून चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता तो.

मग पाटी आली. दादा मित्रावर पिस्तूल रोखतो तेव्हाची. नेमकं त्याच वेळी पेटीवाला गोंधळून थांबला होता. त्यामुळे तीन आठवड्यांत पहिल्यांदा मास्तरांचा शब्दन्‌शब्द आमच्या बाजूला ऐकू आला. "पाटीवर लिहिलं आहे," मास्तर खणखणीत आवाजात वाचत होते, "अरे अधमा, माझ्या माउलीला अपशब्द बोललास! आता तुला क्षमा नाही!"

एकदाही अडखळले नाहीत.

पलीकडे कुणीतरी खुर्ची मागे सारली. अप्पांचा मऊ आवाज आला. "मास्तर, पाटी तर उलटी पडलीया. मला एक अक्षर लागंना. तुमी कुठनं वाचायला लागलाय?"

मशीनवाला घाबरला असावा, त्यानं हँडल फिरवायचं थांबवलं, आणि पाटी तशीच पडद्यावर राहिली.

सुलटी अक्षरं वाचायची मला तितकी सवय नव्हती. मला क्षणभर वेळ लागला. मग मी उभी राहिले आणि पडद्याच्या मागून, पुरुषांच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं वाचलं.

"तुझा गुन्हा काही नाही. मला तुझी जागा हवी आहे."

पुढे एकही शिट्टी झाली नाही. मुकादम खोकला तेवढा ऐकू आला.

*

त्या रात्री घरी जाताना आमचे हे वाटेत एकदाच बोलले. "मागच्या बाजूनं रोज तसंच दिसतंय व्हय?" मी म्हटलं, "व्हय."

सोमवारी नवी फिल्म लागली. अप्पांचा निरोप नव्हता, की येऊ नका म्हणून सांगायलाही कुणी आलं नाही. मी गेले. बायकांच्या दाराशी तिकीट बघणाऱ्यानं मान दुसरीकडे केली, मी आत शिरले. माझी जागा रिकामी ठेवली होती; एका बाजूला नरसम्मा मांडी पसरून बसली होती, दुसऱ्या बाजूला राजव्वा.

दिवे मालवायच्या जरा आधी आमच्या बाजूची कनात हलली. मास्तर आत आले. फेटा नीट बांधलेला, छडी काखेत. बायकांनी पदर सारखे केले. मास्तर माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबले. माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत, हळू बोलले.

"बाई, आजपासून जरा मोठ्यानं वाचत जा. पेटीमुळं पलीकडं मला ऐकू येत न्हाय."