एकशे बेचाळीस नंबरचं पुस्तक

उन्हाळा लागला की माझ्याकडे पुस्तकांची नावं विचारायला माणसं येतात. "सुट्टीत काय वाचू, सांगा ना!" मी म्हणते, बाई गं, आधी तुझी सासू कशी आहे ते सांग, दुपारी झोप लागते का ते सांग, रडायला आवडतं का ते सांग, मग पुस्तक सांगते. लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी गंमत करतेय. गंमत कसली डोंबलाची! माप न घेता कुणी चोळी शिवतं का? आणि हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. सोळाव्या वर्षी एकाच उन्हाळ्यात मी दोन पुस्तकं चुकीची सुचवली आणि तिसरं जाळून घेतलं, तेव्हा कुठे ते आलं.

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. आम्ही लोणावळ्यात राहायचो. वडील शाळेत मास्तर होते आणि सकाळ-संध्याकाळ गावचं वाचनालय सांभाळायचे. वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि चार कपाटं. तिथल्या दमट हवेत पुस्तकांचे पुठ्ठे सुटायचे, पहिली पानं गळायची. वडील उरलेल्या पानांना खाकी कागदाचं कव्हर घालायचे आणि वर शाईने नंबर टाकायचे. त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या पुस्तकांना नावंच नव्हती. "ऐंशी वाचलंस का गं?" "शी! नुसतं रडकं. त्यापेक्षा अकरा ने." अशी बायकांची बोलणी पाणवठ्यावर चालायची. बायका काही वाचनालयात पाऊल टाकत नसत. म्हणून मी पिशवी भरून घरोघर जायची. तुंगार्लीच्या बंगल्यांत मुंबईची मंडळी हवा खायला उतरली की त्यांच्या बायकांनाही माझीच पिशवी. कुणी काय वाचायचं ते मी ठरवायची, आणि त्याचा मला कोण ताठा!

मे महिन्यात कार्ल्याहून एक मावशी करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन यायची. आमच्या ओट्यावर पाटी उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि मग पुढे बंगल्यांकडे जायची. एकदा माझ्या पिशवीकडे बघत ती म्हणाली, "ताई, माज्या सुनंला बी एक पुस्तक द्या की."

"तुमच्या सुनेला वाचता येतं?"

"व्हय तर! चार यत्ता शिकलीया. गूळ बांदून आनल्याला कागद बी सोडत न्हाई. म्या चुलीत घालाया गेले की म्हन्ती, आत्याबाई, थांबा, खालची वळ ऱ्हायलीया. तवर हिकडं भाकर करपती!"

वडिलांचा नियम होता, पुस्तक गावाबाहेर जायचं नाही. मी दोन दिवस त्यांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "दे तुझ्या जबाबदारीवर. पण एक जरी पुस्तक गेलं, तर कार्ल्याला पुन्हा पुस्तक नाही. मग माझ्यापुढे रडायचं नाही." मी मान उडवून बरं म्हटलं.

पहिलं पुस्तक मी निवडलं ते नव्या सुनेने सासरी कसं वागावं, याबद्दलचं. खेडेगावची सून, तिला आणखी काय लागणार? चार दिवसांत मावशीने ते परत आणून ठेवलं. "ह्ये नगं ताई. ह्यातलं समदं मी तिला रोज सांगतीच की!" आत माझ्या आईला हसता हसता ठसका लागला.

दुसरं दिलं ते समुद्रप्रवासाचं. तेही परत आलं. "बोटीतली मान्सं लय वकत्यात म्हनं. जेवून वाचाया बसली, तर तिलाच मळमळाया लागलं."

आता मात्र मला राग आला. "तिला पाहिजे तरी काय, ते विचारा एकदा!"

"इचारलं की," मावशी शांतपणे म्हणाली. "ती म्हन्ती, ज्यात कुनीतरी घरातनं भायेर पडतंय, असलं द्या."

एवढी पुस्तकं वाटली, पण असं मापात बसेल असं मागणं माझ्याकडे कुणी केलं नव्हतं. मी एकशे बेचाळीस नंबर काढलं. एका किल्लेदाराच्या सुनेवर नथ चोरल्याचा आळ येतो, ती घर सोडून निघते आणि गावोगाव फिरते, अशी कादंबरी. मी ती निम्मीच वाचली होती, पण तसं कबूल कोण करतं? मी मावशीला बजावलं, "हे फार चांगलं आहे. फक्त ऊन लागू देऊ नका, नाहीतर बांधणी सुटते." ते मी दोनदा बजावलं, चांगलं बोट नाचवून.

पुस्तक लागू पडलं! दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या बायका मावशीच्या पडवीत जमायला लागल्या. सून वाचायची, बाकीच्या वाल निवडत ऐकायच्या. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. करवंदं मोजून देता देता मावशी मला विचारायची, "नथ कुनी घेतली ठावं हाय का?" मी कानांवर हात ठेवून ओरडायची, "सांगू नका, सांगू नका!" मला फार आनंद झाला होता. आपण सुचवलेलं पुस्तक कुणीतरी असं तहान लागल्यासारखं वाचावं, यासारखं सुख नाही.

आणि एका सकाळी मावशी आली ती पाटीशिवाय. पदराची गाठ सोडून तिने वडिलांपुढे धरली. आत राख होती आणि खाकी कागदाचा करपलेला कोपरा. त्यावर एकशे बेचाळीसमधले शेवटचे दोन आकडे दिसत होते.

झालं होतं असं. आमच्या मावळात भाताचं बी पेरण्याआधी राब भाजतात. म्हणजे वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून ते पेटवून देतात. सून रानात पाला गोळा करायला गेली, तेव्हा पुस्तक तिच्यासोबत होतं. ऊन लागू द्यायचं नाही, असं ताईने सांगितलेलं. म्हणून तिने ते पाटीतल्या पाल्याखाली गार जागी ठेवलं आणि आणखी पाला आणायला वळली. तेवढ्यात दिराने पाटी उचलली, वाफ्यावर पालथी केली आणि काडी लावली.

"माज्या सुनंनं हात घातला वो जाळात," मावशी म्हणाली. "बोटं भाजली तिची. पर येवढंच हाताला लागलं."

वडिलांनी राखेकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. ते मावशीला एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "संपलं. आता कार्ल्याला पुस्तक नाही."

मला रडू कोसळलं. माझीच आज्ञा पाळून बिचारीचं पुस्तक जळलं होतं, आणि आता तिने उरलेला जन्म गुळाचे कागद वाचायचे! मी रडत रडत भांडले. "पुस्तक परत आणलं तर?"

"आणशील कुठून? ते आता बाजारात मिळत नाही."

"तिला समदं पाठ हाय," मावशी हळूच म्हणाली. "पाच येळा वाचलंय तिनं."

वडिलांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लिहून आणा. मी हे पुस्तक दोनदा वाचलेलं आहे. ताडून बघेन. जमलं, तर पुढचं देईन."

दुसऱ्या दिवसापासून सून सासूबरोबर यायला लागली. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. बोटांना तेलात भिजवलेल्या चिंध्या बांधलेल्या. मावशी करवंदं विकून येईपर्यंत आम्ही दोघी मागच्या पडवीत बसायचो. ती सांगायची, मी वहीत लिहायची. आणि काय सांगायची! 'तथापि' आणि 'किंबहुना'सकट! मध्येच कार्ल्याची बोली आली की स्वतःच जीभ चावायची आणि म्हणायची, "न्हाई, न्हाई, पुस्तकात असं न्हाई, खोडा त्ये." माझे हात दुखायचे, पण थांबवत नव्हतं. शेवटच्या भागात मात्र ती अडखळायला लागली. किल्लेदाराची सून विहिरीच्या काठावर बसते, पाणी शेंदते, तोंड धुते आणि पुढच्या गावाची वाट धरते. तिथल्या बायका तिला भातलावणीच्या कामावर घेतात आणि आपल्यातली भाकरी देतात. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, चार दिवसांनी दमली असेल.

पाचव्या दिवशी वडील वही घेऊन बसले. आईने ठेवलेला चहा निवून गेला. मावशी, सून आणि मी दाराआड उभ्या होतो. सुनेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या चिंध्यांचं तेल माझ्या बांगड्यांना लागलं.

वडिलांनी वही मिटली. "मुली, इकडे ये."

ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहिली.

"सगळं बरोबर आहे. नथीचा प्रसंग तर शब्द न् शब्द. पण शेवट हा नाही. पुस्तकात ती विहिरीत उडी घेते आणि मरते. हे विसरलीस?"

मला हे ठाऊकच नव्हतं. मावशीने तोंडावर हात ठेवला, कारण तिलाही ठाऊक नव्हतं. पाचही वेळा तिने ऐकली होती ती विहिरीवर तोंड धुऊन पुढे गेलेली सून.

"इसरले न्हाई," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "छापल्यालं तसंच हुतं. पर पडवीत पाचजनी ऐकत हुत्या, मास्तर. त्यातली एक दोन जिवाची. एकीला तर आदल्या दिशीच नवऱ्यानं घराभायेर काडलीवती. त्यांच्या म्होरं कसं वाचू, हिरीत पडली म्हनून? म्या तिला काठावरनं माघारी आनली. लिवताना पुन्हा ढकलवंना."

वडिलांनी दौत पुढे ओढली, वहीला खाकी कागद चढवला आणि त्यावर सावकाश एकशे बेचाळीस हा आकडा घातला. उठून कपाटातून एक जाडं पुस्तक काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या बांधलेल्या हातांवर ठेवलं.

"हे ने," ते म्हणाले. "यातही शेवटी एक बाई हकनाक मरते. काय करायचं ते तू बघ."