लेन्सवरचं कुंकू

माझे बाबा काल सकाळी गेले. ते चांगले नव्हते.

कालपासून तुमच्या पोस्ट वाचतेय. देवमाणूस. कामगारांचा आधार. मुलीला शिकवणारा बाप.

हे लिहिणाऱ्यांपैकी निम्मे जण त्या दिवशी माझ्या बाजूलाच उभे होते. मूग गिळून.

ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते.

सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेला लागून, ट्रकच्या बॅटऱ्यांची एक फॅक्टरी होती. आता तिथे लग्नाचा लॉन झालाय.
बाबा तिथे शिफ्ट इनचार्ज. मी गोंदियाहून आयटीआय करून लागले. फ्लोअरवर एकटीच मुलगी.

घरी सौदा ठरला होता. नोकरी आहे तोवर माझ्या लग्नाचा विषय नाही.
म्हणजे ती नोकरी माझ्यासाठी काय होती, ते समजून घ्या.

बॅटरीच्या आत प्लेटा असतात. शिशाची जाळी, तिच्यावर ओला लेप, भिंतीला गिलावा करतात तसा. लेप पातळ बसला की बॅटरी लवकर मरते.
आधी बाबा अधूनमधून एखादी प्लेट उचलून काट्यावर ठेवायचे. वजन कमी भरलं तर कळायचं, पण तोवर बेल्टवरून ढीगभर माल पुढे गेलेला असायचा.

मग शेठनी पुण्याहून सेन्सर आणला. बेल्टच्या वर एक डोळा, खाली एक. जाणारी प्रत्येक प्लेट मोजायचा. स्क्रीनवर रेघ चालायची. लेप बिघडला की लाल दिवा, आणि बेल्ट बंद.

ती मशीन शेठनी माझ्या हाती दिली.
बाबांनी काटा गोदामात नेऊन टाकला. त्यानंतर घरी जेवताना ते माझ्याशी बोलेनासे झाले. आईला वाटायचं, थकतात बिचारे.

दसऱ्याला फॅक्टरीत मशीनची पूजा व्हायची. नारळ, झेंडूच्या माळा, प्रत्येक मशीनला कुंकवाचं बोट. बोट लावायचा मान इनचार्जचा.
बाबांनी सेन्सरलाही लावलं. बरोब्बर वरच्या लेन्सवर. देवाच्या कपाळी लावतात तसं, मधोमध.

दुसऱ्या दिवशी बेल्ट सुरू झाला आणि मी स्क्रीन पाहिली. रेघ नेहमी जराशी वरखाली होते. त्या सकाळी पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती.
पुण्याचा इंजिनिअर सांगून गेला होता. डोळ्याला काही दिसेनासं झालं की ही मशीन शेवटचं माप धरून बसते. दिवा हिरवाच राहतो.

मी फडकं घेऊन लेन्स पुसायला गेले. बाबांनी मनगट धरलं. सगळ्यांसमोर.

"पुजेचं कुंकू पुसते का कोणी? काऊन, अपशकुन करायचा हाय का फॅक्टरीले?"

मी म्हटलं, मग निदान काटा आणून एक प्लेट तोलू. लेप मला नुसत्या डोळ्यांनाही पातळ दिसत होता. सुट्टीत हॉपरमध्ये, म्हणजे लेप भरायच्या टाकीत, घट्ट झालेला, नीट सुटतच नव्हता.

"हिरवा दिवा दिसून राहिला ना तुले? मंग गप बस. लय शिकली तू."

लोक हसले. बेल्ट चालत राहिला, आणि ती पूर्ण शिफ्ट तसाच माल गेला.

कुंकू वाळून आपोआप पडेपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही.

थंडी पडली तशा बॅटऱ्या परत येऊ लागल्या. ट्रकवाले ढाब्यावर झोपायचे आणि सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. देवरीच्या घाटात एकाचा ट्रक अडकला, तो ड्रायव्हर थेट गेटवर शिव्या द्यायला आला.

शेठनी सगळ्यांना फ्लोअरवर उभं केलं. एकच विचारलं, "मशीन पे कौन था?"

मला वाटलं, बाबा बोलतील. खरंच वाटलं. बाप होता हो.

"पोरगी होती, शेठजी. लक्ष नोतं तिचं. लग्नाचं वय हाय, ध्यान कुठंतरी असते."

शेठ माझ्याकडे बघून नुसतं हसले. बाकीचेही हसले. तुम्हीच ते. आज 'मिस यू काका' लिहिणारे.

मला काढलं. काटा गोदामातून परत आला. बाबा रिटायर होईपर्यंत इनचार्ज राहिले, निरोपाला शाल-श्रीफळ मिळालं.
आणि माझं त्याच उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावला लग्न लावून दिलं. नवरा बरा आहे. प्रश्न तो नाही. नोकरीबरोबर अक्कलही गेलेली, बेपर्वा पोरगी म्हणून मला देण्यात आलं. सासरी आजही दूध उतू गेलं की सासूबाई म्हणतात, बॅटऱ्या जाळून आलेली आहे.

गेल्या आठवड्यात बाबांनी मला दवाखान्यात बोलावलं. सगळ्यांना बाहेर काढलं.
मला वाटलं, आता बोलतील. बाईची जात, आशा काही सुटत नाही.

म्हणाले, "तवा तुहं लक्षच नोतं ना वो माय? एकदा हो म्हण."

माफी नको होती त्यांना. सही हवी होती, माझ्या तोंडची. सुखानं मरायला.

मी म्हटलं, "होतं बाबा. लेप पातळ होता. मी पुसत होते, तुम्ही हात धरला."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. काल तसेच गेले.

आई म्हणते, मरणाऱ्या माणसाला एक 'हो' दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

आई, माझं लक्ष होतं. माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

बाबा, या आता. तुमच्या आत्म्याला शांती मिळो, असं बाकीचे लिहितीलच. मी नाही लिहिणार.