मोकळ्या कणसांची जवारी

पाण्यावाचून आमचं नेकनूर गाव सोडलं त्या सकाळी बैलगाडी भरून तयार होती, अन् मी शहाणपणा करत बसलो होतो. बियाण्यासाठी निवडली फक्त घट्ट, मुठीएवढी कणसं. विसविशीत, मोकळी होती ती बैलांपुढं टाकली. थोरला भाऊ म्हणाला, "परमुलखात चाललास बे, बी तरी सगळ्या तऱ्हेचं ने." मी हसलो. बैलांच्या तोंडची ओंजळभर कणसं ओढून बायकोनं पदरात बांधली.

निघताना भावानं बजावलं, "एक साल बघ. जवारी न्हाई आली तर लाजू नको, परत ये." नेमकी तीच लाज मला नको होती.

तेलंगणात गोदेकाठी आलो. राज्य निजामाचंच, पण पाऊस दुसऱ्याच मालकाचा! आमच्याकडं थेंबाची वाट बघायची. इथं ऐन कणसं भरताना तो आठ-आठ दिवस मुक्काम ठोकी. माझ्या घट्ट कणसांत पाणी अडलं, बुरशी धरली, दाणे काळे पडले. परतीसाठी मी गाडीची चाकं तपासायला लागलो. तेवढ्यात बांधाकडून बायकोची हाक आली, "अवो, हिकडं या की लौकर!"

तिनं पेरलेल्या दोन ओळी होत्या. मोकळ्या कणसांतून पाणी निथळून गेलेलं, वारा खेळलेला, दाणा पांढराशुभ्र! मी बांधावरच नाचलो. एकाच रानाचं बी, पण कणसाकणसाची तऱ्हा निराळी. त्यातलं इथं कोण टिकणार ते पावसानं ठरवलं, मला न विचारता! पुढच्या साली तेच पेरलं, त्यातलं टिकलं ते पुन्हा. चार-पाच सालांत जवारी इथलीच झाली.

आम्हीही बदललो म्हणा. भातानं पोट भरत नाही म्हणून कण्हणारा मी आता चिंचेचं सार ओरपत भात चापतो. आमच्या पोरी वासरांना तेलुगूत रागावतात, अन् वासरं माझं मराठी ऐकत नाहीत. नेकनूरच्या मंडळींनो, हसा खुशाल. पण माणसाच्या अंगातही काय-काय पडून असतं, मुलूख बदलल्यावरच ते उगवतं.

परवा भावाचा निरोप आला: विहिरीला पाणी लागलंय, तुझा वाटा तसाच हाय, परत या. ऊर भरून आला. दोन दिवसांनी बायकोला विचारलं, "काय कळवू?"

चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "थोरल्यांना कळवा, येतो म्हणून. आठ दिवस राहू, लेकींना गाव दाखवू. पण पेरणीच्या आत घरी यायला पायजे."