दगडफुलाच्या भावंडाचा चहा

आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत माझ्याकडे, बेलव्ह्यूला आली, तेव्हा तिच्याबरोबर खोकलाही आला. कोरडा, एकदा ढास लागली की थांबायचं नाव न घेणारा. विमानातल्या एसीमुळे झाला असेल, असं मी ठरवून टाकलं. ठरवून टाकणं मला छान जमतं, ऑफिसात माझी ख्यातीच ती आहे.

मी घरूनच काम करत होते. मीटिंगमध्ये तिचा खोकला ऐकू जाऊ नये म्हणून म्यूटच्या बटणावर बोट ठेवूनच बसायचे. ती बिचारी तोंडात पदर कोंबून आतल्या खोलीत जायची. तिच्या ज्येष्ठमधाच्या काढ्याची मी टिंगल करायचे ती वेगळीच.

खालच्या मजल्यावर एक ऐंशी उलटलेल्या बाई एकट्या राहत. त्यांची आई नॉर्वेहून आलेली. जिन्यात आईचा खोकला ऐकून त्यांनी आम्हाला एका दुपारी घरी बोलावलं. टेबलावर काचेची बरणी होती, आत करड्या-तपकिरी रंगाचं, वाळून मुरडलेलं काहीतरी. आईने चिमूटभर हातावर घेऊन उलटसुलट केलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर आपल्या दगडफुलाचं भावंड. काळ्या मसाल्यात घालतो ते."

खरंच होतं. दोन्ही दगडफुलंच, फक्त जाती वेगळ्या. त्यांच्याकडे त्याचा चहा करतात. बाई इंग्रजीत सांगत होत्या, मी मराठीत आईला सांगत होते. रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी ते कडू पाणी फेकून द्यायचं. मग नव्या पाण्यात मंद आचेवर पेजेसारखं बुळबुळीत होईपर्यंत उकळायचं. घशाला आतून लेप बसतो, कोरडी ढास शमते, उरलेल्या कडवटपणाने भूकही लागते. औषधं मिळत नसत तेव्हा त्यांच्या आईच्या गावात छातीच्या रोग्यांना हेच देत.

मग बाईंनी छातीवर हात ठेवला आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. त्यांच्या नवऱ्याने एक अख्खा हिवाळा हा चहा घेतला होता. खोकला इतका छान शमला, की एक्स-रे काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. "याने खोकला गप्प बसतो, त्याचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरांना दाखव, मग बरणी ने."

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"म्हणतायत, मध घालून घ्या."

बाईंना "हो, दाखवते" म्हणून मी बरणी घेऊन वर आले.

का केलं मी तसं? आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज तोंडावर आला होता. डॉक्टर म्हणजे अपॉइंटमेंट, पाहुण्यांच्या इन्शुरन्सचे फोन, तपासण्या, दिवसच्या दिवस जाणार. मार्चमध्ये परत जायचंच आहे, तिकडे आपल्या डॉक्टरांना दाखवू, असं इथल्या आमच्या घराघरांत म्हणतात, मीही म्हटलं. शिवाय मला भीती वाटत होती. ती रिकामी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, म्हणूनच मी तिच्याबद्दल बोलले नाही.

चहा लागू पडला. आठवड्याभरात ढास कमी झाली, घर शांत झालं, माझं बोट म्यूटवरून निघालं. आई रोज संध्याकाळी मूठभर भिजत घालायची आणि सकाळी पेला घेऊन खिडकीशी बसायची. मी तिला चिडवलं, "तुझ्या काढ्यापेक्षा गोऱ्यांचं दगडफूल भारी निघालं." ती हसली.

पण तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ब्लाऊज तिने दोनदा आत घेतले. जिन्यात ती मध्येच थांबायची आणि भिंतीवरचा नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करायची. तिला इंग्रजी वाचता येत नाही. हे सगळं मला दिसत होतं, आणि मी म्हणत होते की इथली हवा तिला मानवलेली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती घाईघाईने सिंकमध्ये पाणी सोडत होती. मी पोचले तोवर बरंचसं वाहून गेलं होतं, पण जाळीपाशी लाल धागा राहिला होता. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

एक्स-रे काढल्यावर डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. दुभाषी देऊ का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. उजव्या फुप्फुसातली गाठ, तिचा आकार, पुढच्या तपासण्या, आणि हा खोकला सुरू झाला तेव्हाच दाखवायला हवा होता, हे सगळं मी आईला मराठीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आई मान हलवत ऐकत राहिली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आज सगळं सांगितलंस."

"म्हणजे?"

"त्या बाईंनी छातीवर हात ठेवला, नवऱ्याची खुर्ची दाखवली. तेवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं?"

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस, आई?"

तिने सीटबेल्ट ओढला. तो आता तिला फार सैल होत होता.

"म्हटलं, तुला सुट्टी मिळत नसेल."