माझ्या वाट्याचं गवत

ही वही कुणी वाचलीच, तर चुका आणि वाकडं अक्षर पोटात घाला. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

कर्जतकडच्या आमच्या गावाजवळची जुनी दगडखाण मातीनं भरून तिथं झाडं लावायचं काम आमच्या बचत गटानं घेतलं होतं. तपासणीत पास झालो तरच अनामत परत मिळणार होती. तपासणीचे साहेब येणार म्हणून बायकांनी भरावाचा आपापल्या वाट्याचा उतार खुरपून, झाडून काढला. माझ्या वाट्याचं गवत मी राहू दिलं.

"पाव्हणं येत्यात आन् हिचं आंगन तसंच," माझी जाऊ म्हणाली.

साहेब उतारवयाचे, उन्हानं रापलेले होते. बूट काढून ते अनवाणीच उतारावर हिंडले. मग स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यांनी झाडलेल्या जागेवर ओतलं. ते माती घेऊन खाली पळालं. माझ्या गवतात ओतलेलं तिथंच मुरलं.

"हे कुणी राखलं?"

मी जावेमागं लपले. तिनंच मला पुढं ढकललं. "हिनं. बोलत न्हाई, पर काम लई करती."

"बांधावर माती धराया ठिवतो तसं ठिवलं," मी खाली बघत म्हणाले.

साहेब सगळ्यांना म्हणाले, "मी पाहुणा नाही. माझ्यासाठी झाडू नका, गवत येऊ द्या. पावसाळा संपला की येतो. तेव्हा पाणी या बाई ओततील."

ते आले आणि त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. उतारभर गवत आलं होतं, त्यात मी चार ठिकाणी ओतलं. पाणी कुठंच पळालं नाही.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. गटाची अनामत मात्र पूर्ण परत आली.