मिस्त्रींचा साबण

मिस्त्रींना इंजिन नुसत्या कानाने कळायचं. गल्लीच्या टोकाला स्कूटर वळली की इकडे गॅरेजात पान्हा खाली न ठेवता ते म्हणायचे, "हिचा प्लग गेलाय." आणि तो गेलेलाच असायचा. असा कान लाभला की वजनमापं आणि लोकांचे सल्ले ही दुसऱ्यांसाठी केलेली सोय आहे असं माणसाला वाटायला लागतं. मिस्त्रींनाही तसंच वाटत होतं. त्यांना तरी दोष कसा द्यायचा, उभ्या आयुष्यात अंदाज कधी चुकला नव्हता.

हात मात्र कामातून गेले होते. दिवसभर ऑइल आणि ग्रीस, ते काढायला रॉकेल, रॉकेलचा वास काढायला कपडे धुवायची पावडर. बोटांना भेगा आणि भेगांत काळं. बायको म्हणायची, "घरात किसणी नसली तरी चालेल, तुमचा हात आहे." मिस्त्री स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

नात घरी आली आणि ते हसणं बंद झालं. त्या दिवशी हात रगडून रगडून धुऊन त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. परत देताना तिच्या झबल्याचा धागा त्यांच्या बोटाच्या भेगेत अडकला. सोडवायला म्हणून त्यांनी हात ओढला आणि बोट तिच्या गालावरून खरवडत गेलं. गालावर लाल रेघ उठली. पोर किंचाळली. सूनबाई पोरीला छातीशी धरून पटकन मागे सरकली. ते सरकणं मिस्त्रींच्या काळजात घुसलं.

"हात मऊ होईपर्यंत मी पोरीला हात लावणार नाही," त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

"अहो बाबा, एवढं काही झालं नाही," सून म्हणाली.

"उद्यापर्यंत रेघ जाईल सुद्धा," बायको म्हणाली. "कुठल्या गोष्टीचा हट्ट धरावा माणसाने!"

पण मिस्त्रींनी म्हटलं म्हणजे म्हटलं. धागा निघालेलं ते झबलं त्यांनी मागून घेतलं आणि गॅरेजच्या खणात ठेवलं. रोज काम आवरलं की हात धुऊन ते त्यावर बोट फिरवायचे. धागा अडकला की झबलं परत खणात. घरी गेल्यावर खोलीच्या दारातून पोरीकडे बघायचे, हात खिशात.

डॉक्टरांनी मलम दिलं. मलम बरंच होतं, पण रॉकेल त्याच्याहून पैलवान निघालं. बाजारात घरच्या साबणाच्या वड्या विकणाऱ्या एक बाई होत्या, त्यांची स्कूटर दुरुस्तीला आली होती. मिस्त्रींचे हात बघून त्या म्हणाल्या, "रॉकेल सोडा. तेलाचा साबण करा घरी. नवशिक्यालाही जमतो. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. फक्त सगळं काट्यावर मोजायचं. वजनकाटा आहे का?"

"आहे की," म्हणत मिस्त्रींनी तळहात पुढे केला.

बाई हसल्या नाहीत. "सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यावर ओतलंत तर अंगावर उसळेल. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि काम उघड्यावर. भांडं घ्याल ते..." तेवढ्यात स्कूटर सुरू झाली आणि मिस्त्रींचा कान तिकडे गेला. पुढचं वाक्य राहूनच गेलं.

त्या वाक्याची किंमत रविवारी कळली. वेल्डिंगचा चष्मा लावून, हातमोजे चढवून मिस्त्रींनी अंगणात बायकोचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं मांडलं आणि पाण्यात सोडा टाकला. पातेलं फुसफुसायला लागलं. फेस वर आला, घाण वाफ सुटली, धातू काळा पडत गेला. मिस्त्री लांब पळाले. सगळं शांत झाल्यावर बायकोने वाकून पाहिलं, तर बुडाला भोक.

"पातेलं घासायला साबण हवाच होता," ती म्हणाली. "आता पातेल्याचीच काळजी मिटली."

दुसऱ्या खेपेला भांडं स्टीलचं होतं, पण माप हाताचंच. मूठभर हे, वाटीभर ते. बायको दारात उभी राहून म्हणाली, "चालू द्या अंदाजपंचे दाहोदरसे!" सकाळी साच्यात वर तेल तरंगत होतं आणि खाली खडूसारखा पांढरा भुगा. दुसरा कोणी असता तर नाद सोडून मोकळा झाला असता. मिस्त्री तो भुगा नीट गुंडाळून घेऊन बाईंच्या दुकानावर जाऊन उभे राहिले.

"प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते," बाई म्हणाल्या. "खोबरेलाला सोडा जास्त लागतो, एरंडेलाला कमी. जास्त झाला तर तो तुमची कातडी खाणार. म्हणून भुकेपेक्षा थोडा कमीच वाढायचा, उरलेलं तेल हाताला लागतं. हे अंदाजाचं काम नाही, मिस्त्री. इंजिन बिघडलं की आवाज करतं. सोडा आवाज करत नाही."

हे मात्र मिस्त्रींना पटलं. येताना ते वजनकाटा घेऊनच आले. बाईंनी सांगितलेली मापं खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहिली. तेल तोललं, पाणी तोललं, सोडा तर श्वास रोखून तोलला. सोड्याचं पाणी तापलं होतं ते कोमट होऊ दिलं, मग हळूहळू तेलात सोडलं आणि मिश्रण ग्रीसइतकं दाट होईपर्यंत ढवळलं. हातावरचं काळं निघावं म्हणून बायकोकडून कॉफीचा वाळवलेला चोथा मागून तो त्यात घातला. कागद लावलेल्या लाकडी खोक्यात सगळं ओतून वर जुनी चादर घातली. दुसऱ्या दिवशी क्लचच्या तारेने वड्या कापल्या. अशा सरळ वड्या बाईंच्याही नसतील.

पण सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत देणारा हा माणूस! त्याच दिवशी त्यांनी हात धुतले. भेगांमध्ये अशी आग पेटली की डोळ्यांत पाणी आलं. दोन बोटांतून रक्त निघालं. आधीच भेगाळलेले हात एका उतावळेपणात होते त्याहून वाईट झाले, आणि मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत.

"कच्चा साबण वापरलात," बाई म्हणाल्या. "हवेशीर फळीवर ठेवा, महिना-दीड महिना विसरून जा. मग जिभेला टेकवून बघा. चटका बसला तर सोडा अजून जागा आहे. नाही बसला तर झाला साबण."

मिस्त्री विसरले नाहीत, पण थांबले. फळीवरच्या वड्या उलटसुलट करत, रॉकेलच्या डब्याला हात न लावता थांबले. काळे हात तेलाने पुसायचे आणि वाट बघायची. एक दिवस वडी जिभेला लावली. चटका नाही. मग रोज तोच साबण. हळूहळू भेगा भरत आल्या. रेषांतलं काळं काही पूर्ण गेलं नाही, ते आता त्यांच्याबरोबरच जाणार. पण एका संध्याकाळी झबल्यावरून बोट फिरलं आणि कुठे अडकलंच नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग शटर ओढलं आणि जवळजवळ धावत घरी गेले.

"सूनबाई, दे पोरीला!"

सून हसत पोरीला घेऊन आली. पोर आता रांगत होती, खाली दोन दात आले होते. ते झबलं तिच्या एका हातालाही पुरलं नसतं. तिने मिस्त्रींच्या पुढे केलेल्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि भोकाड पसरून आईच्या गळ्यात तोंड लपवलं.

मिस्त्रींना लागायचं ते लागलं. हात नीट करायच्या नादात आपण पोरीला परके झालो, सगळ्यांत मोठा अंदाज इथे चुकला.

"बाबा, तिला सवय नाही हो तुमची," सून ओशाळून म्हणाली.

"रडू दे," मिस्त्री म्हणाले. आवाज जरा चिरकला, पण ते हलले नाहीत. "अजून कच्चं आहे. थांबू की. साबणाला थांबलो, हिला नाही थांबणार?"

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज लवकर बंद व्हायला लागलं. मिस्त्री खोलीत जमिनीवर मांडी घालून बसायचे. बोलवायचं नाही, ओढायचं नाही. गुडघ्यांवर तळवे उघडे ठेवून नुसतं बसायचं. पोर आधी रडायची, मग लांबून टकमक बघायला लागली, मग एक चक्कर मारून परत आईकडे पळायला लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली. मिस्त्रींनी एकालाही दाद दिली नाही.

आणि एका संध्याकाळी ती रांगत आली, त्यांच्या गुडघ्याशी थांबली, आणि तिने त्यांचं बोट धरलं. उलटून पालटून पाहिलं. मग सरळ तोंडात घातलं.

मिस्त्री श्वास रोखून बसले. पोरीने तोंड वाकडं केलं नाही, बोटही सोडलं नाही.

"काय हो," स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "झाला का साबण?"

मिस्त्रींनी नुसती मान हलवली आणि दुसरा हात अलगद पोरीच्या पाठीवर ठेवला.