उपरण्याखालचा हात

“हे कापरे शिंदीच्या दारूचे नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला बरे वाटले. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते बरे वाटण्यासारखे नव्हते.

हिंगोलीच्या दवाखान्यात आम्ही सकाळपासून बाकावर बसलो होतो, मी आणि बायको सोनाबाई. डॉक्टरांनी माझा उजवा हात मांडीवर सैल ठेवायला सांगितला. हात कापू लागला. अंगठा बोटावर असा घासत होता, जणू मी तंबाखू मळतो आहे. हात उचलला की कापरे कमी व्हायचे. मग मला दारापर्यंत चालवले. “डावा हात हलतो, उजवा अंगाला चिकटून राहतो,” ते म्हणाले. मला लाज वाटली. बैलाच्या चालीतली खोड मी लांबून ओळखतो, आणि स्वतःची मला दिसली नव्हती.

आजाराचे नाव पॅरालिसिस ॲजिटान्स. म्हणजे कापरा लकवा. आपले वैद्य त्याला कंपवात म्हणतात, आणि पार्किन्सन डिसीज असेही एक नाव आहे. मेंदूतला थोडा भाग झिजतो, त्यामुळे अंगाला हुकूम उशिरा पोहोचतो. माणूस त्याने लगेच मरत नाही, पण बराही होत नाही.

“मग हे कागदावर लिहून द्या,” मी म्हणालो.

“काय?”

“शिंदी नाही, हे.”

डॉक्टरांनी सोनाबाईकडे पाहिले. ती म्हणाली, “द्या साहेब. न्हाईतर ते उठायचे न्हाईत इथून.”

कागद का हवा होता ते सांगतो. मी हेडी, म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. लहानपणी दुसऱ्यांची ढोरे राखली, मग बाजारात दोर धरायला उभा राहिलो, आणि पुढे आखाडा बाळापूरच्या बाजारात लिंबाखालची जागा माझी झाली. आमचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि भाव सांगायचा तर समोरच्याची तितकी बोटे दाबायची. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. उपरण्याखाली दिलेला शब्द बाहेर वादाला येत नाही. माझा तर कधीच आला नव्हता.

दवाखान्यात जाण्याआधी काही महिने, एका बाजारी मी दोन बोटे दाबली आणि उत्तराची वाट पाहत हात सैल सोडला. सैल सोडलेल्या हाताने आपल्या मनाने तिसरे बोट दाबले. समोरचा तीन म्हणून उठला. मी दोनच म्हणालो. गर्दी जमली. तेव्हा सोनाबाईचा भाऊ किसन, ज्याला बैलाचे दात बघायला मी शिकवले, तो सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, हात आवरा. सकाळी सकाळीच शिंदी घेऊन येऊन राहिले का?”

लोक हसले. मी त्याच्या कानाखाली मारली. डाव्या हाताने, कारण उजवा वेळेवर उठला नाही. पुढच्या बाजारी लिंबाखाली तो बसला होता. माझी जागा त्याने घेतली हे मी एक वेळ विसरेन. शिंदी म्हणाला हे विसरणार नाही.

डॉक्टरांनी कागद दिला, तो इंग्रजीत. बाजारात तो वाचणारा एकही माणूस नव्हता.

औषध म्हणून बेलाडोनाचे थेंब मिळाले. हा एका विषारी झाडाचा अर्क, त्याने कापरे थोडे दबते. त्याने तोंड इतके कोरडे पडते की भाकरी गिळवत नाही. पुढे जर्मनीशी लढाई लागली आणि तेही मिळेनासे झाले. “आता चालणे हेच औषध,” डॉक्टर म्हणाले. “हात हलवत, लांब पावले टाकत, रोज अंगणात चाळीस फेऱ्या.”

“पंधरा,” मी म्हणालो.

“अहो, हा बैल नाही.”

“म्हणूनच पंधरा.”

शेवटी पंचविसावर सौदा ठरला. मी खुशीत घरी आलो. पुढल्या खेपेला ते हसत म्हणाले, “मला वीसच हव्या होत्या.” त्या माणसाला मी तेव्हापासून मानतो.

आता झोपेबद्दल लिहितो, कारण हा आजार ज्याला होईल त्याला हाताने येणार नाही इतका थकवा झोप न लागल्याने येईल. अंथरुणात कूस बदलता येत नाही. पाय लाकडासारखे होतात. आणि डोळा लागलाच तर मी स्वप्नात बाजार करायचो, ओरडायचो, हात उगारायचो. एका सकाळी सोनाबाईचा डोळा काळानिळा दिसला. “काहून?” मी विचारले.

“रात्री तुमी मला बैल समजून हाकून राहिले होते.”

ती हसत होती, पण त्या दिवशी तिने आपले अंथरूण पलीकडच्या भिंतीला नेले. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, पुस्तकात झोपेबद्दल फारसे नाही, पण या आजाराचा प्रत्येक माणूस झोपेचीच तक्रार करतो. दिवसा अंग थकले तर रात्री काही तरी पदरात पडेल.

पहिले दोन महिने काही पडले नाही. मी पाच फेऱ्यांत बसायचो. उंबऱ्याशी आलो की पाय जमिनीला चिकटायचे, पुढे अंग जायचे, पाय नाही. दोनदा पडलो. एकदा संतापून काठी फेकली आणि सोनाबाईला म्हणालो, मला चालायचे नाही.

ती म्हणाली, “बैल घेताना तुमी आदी त्याला चालवून बघता का न्हाई?”

“बघतो.”

“चालला न्हाई तर?”

“सोडून देतो.”

“मला तुमाला सोडता येत न्हाई. मग चाला.”

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, एकेका पावलाच्या अंतराने आडव्या मांडल्या. मी चिडून एक ओलांडली. मग दुसरी. साध्या जमिनीवर न उठणारा पाय काडी दिसली की उठत होता. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आले नाही. पुढे तिने गोठ्यातली घुंगुरमाळ काढली आणि ओट्यावर बसून ती तालात हलवू लागली. त्या तालावर पाय पडायचे. गल्लीतल्या बायका हसायच्या. “हसा, हसा,” सोनाबाई म्हणायची, “तुमचे नवरे तर घुंगरावरबी चालत न्हाईत.”

हे मी सांगतो ते ज्यांचे पाय अडतात त्यांनी करून बघावे. समोर रेघ आखा. तोंडाने मोजा. वळताना जागच्या जागी वळू नका, गाडी वळते तसे मोठ्या गोलातून वळा. रागावून पाय उचलू नका. मी उचलले आणि पडलो.

उन्हाळा संपता संपता पंचवीस फेऱ्या होऊ लागल्या. कापरे तसेच राहिले, अक्षर मुंगीएवढे झाले. पण मी ठरवले होते की लिंबापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचे आणि किसनच्या तोंडून तो शब्द मागे घ्यायला लावायचा.

बाजाराच्या दिवशी गाडी लांब सोडायला लावली. कागद बंडीच्या खिशात होता. गर्दी दाटली तिथे पाय अडलेच. सगळे बघत होते. सोनाबाई मागे होती, पण तिने हात दिला नाही. इतक्यात शेजारून एक बैलजोडी घुंगरे वाजवत गेली. मी त्या तालावर पाय उचलला.

किसन मला बघून उभा राहिला. “बसा, दाजी.”

मी बसलो नाही. कागद काढायला हात खिशाकडे नेला आणि मग वाटले, हा कोणाला दाखवणार? मी उपरणे हातावर टाकले आणि हात पुढे केला. “धर.”

“कशाचा सौदा? जनावर कुठं हाय?”

“आधी धर.”

त्याने हात धरला. मी हात सैल सोडला. तो कापू लागला. किसनने दाबून धरला, तरी थांबेना. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लोक विचारू लागले, “किती ठरलं?”

किसनने उपरणे काढले नाही. हळूच म्हणाला, “दाजी, हे बराबर एका तालात चालून राहिलं. मी किती दारुड्यांचे हात धरले. त्यांचं असं न्हाई चालत.” मग मोठ्याने, भोवतीच्या लोकांना, “शिंदी न्हाई रे ही. बीमारी हाय.”

माफी त्याने मागितली नाही. मीही मागितली नाही, कानाखालची.

आता लिंबाखाली आम्ही दोघे बसतो. बैल मी चालवून बघतो, उपरण्याखाली हात त्याचा असतो. तो घाई करतो, एकेक बोट उगाच सोडून देतो, आणि मला ते बघवत नाही. डाव्या हातालाही अलीकडे कापरे सुटले आहे. मी थकलो आहे. पुढे काय आहे ते डॉक्टरांनी लपवलेले नाही. तरी फेऱ्या सोडल्या नाहीत.

त्या बाजारानंतर काही दिवसांनी सकाळी जागा झालो तर सोनाबाईचे अंथरूण माझ्या शेजारी होते. तिने ते कधी आणले, मला कळले नाही. म्हणजे मला झोप लागली होती.